रुसवा आणि विद्रोह : 'विजय' या नायकप्रतिमेतील पौरुषाची मीमांसा

१

हिंदी चित्रपटातील अमिताभ बच्चन यांच्या नायकप्रतिमेला 'संतप्त तरुण' हे नाव चिकटले, त्याला आता पन्नास वर्षे झाली. हे नाव मूळचे येथले नाही. १९५६ साली जॉन ऑस्बोर्न यांचे 'लुक बॅक इन अँगर' हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले, तेव्हा इंग्लंडमधील नव्या लेखकांच्या एका पिढीला उद्देशून ते रूढ झाले आणि पुढे भारतीय वृत्तपत्रांनी ते 'जंजीर' (१९७३) व 'दीवार' (१९७५) यांच्या नायकाला बहाल केले. नाव उसने असल्यामुळे एक अडचण निर्माण झाली. संताप ही भावना आहे. ती कशासाठी आहे आणि कोणाविरुद्ध आहे, हे त्या शब्दातून कळत नाही. परिणामी या नायकाविषयीच्या लेखनात 'संताप', 'बंड' आणि 'विद्रोह' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले.

मराठीत या शब्दांना वेगवेगळा इतिहास आहे. 'बंड' हा शब्द सत्तेच्या दृष्टिकोनातून आलेला आहे. सत्तावनच्या उठावाला 'बंड' म्हणणारी दृष्टी राज्यकर्त्याची होती. 'विद्रोह' या शब्दाला दलित साहित्याने आणि त्याच्या समीक्षेने एक निश्चित आशय दिला. वेदना, नकार आणि विद्रोह ही त्या समीक्षेतील त्रयी केवळ भावनांची यादी नाही, तिच्यात एक क्रम आहे. वेदनेची जाणीव होते, ती वेदना देणाऱ्या व्यवस्थेचे मूल्य नाकारले जाते आणि त्या नकारातून व्यवस्था बदलण्याची सामूहिक कृती उभी राहते. या शब्दांच्या शेजारी मराठीत आणखी एक घरगुती शब्द आहे, तो म्हणजे 'रुसवा'. परक्यावर कोणी रुसत नाही. ज्याच्या प्रेमावर आपला हक्क आहे असे वाटते, त्याने तो हक्क डावलला की माणूस रुसतो. रुसणाऱ्याला नाते मोडायचे नसते. ते पुन्हा मान्य करवून घ्यायचे असते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, सत्तरच्या दशकातील 'विजय' या नायकाने भारतीय पुरुषाच्या प्रतिमेत दोन खरी स्थित्यंतरे घडवली : त्याने वेदनेला पौरुषाच्या केंद्रस्थानी आणले आणि नकाराला शरीराची भाषा दिली. परंतु विद्रोहाच्या उंबरठ्यावर ही प्रतिमा वळण घेते आणि तिसऱ्या पायरीची जागा रुसवा घेतो. नट सांस्कृतिक प्रतीक होण्याच्या प्रक्रियेत हे वळण झाकले गेले आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती केवळ संतापाचा पवित्रा आला.

२

या नायकाच्या आधीचे पौरुष कसे होते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पन्नासच्या दशकातील दिलीपकुमार यांच्या 'देवदास'मध्ये (१९५५) वेदना आहे, पण ती आत्मनाशाकडे वळलेली आहे. ती जमीनदाराच्या मुलाला परवडणारी वेदना आहे. 'मदर इंडिया'तील (१९५७) बिरजू सावकाराविरुद्ध शस्त्र उचलतो, पण तो चित्रपट बिरजूचा नाही. तो त्याच्यावर गोळी झाडणाऱ्या आईचा आहे. 'गंगा जमुना'त (१९६१) कायद्याच्या दोन बाजूंना उभे असलेले भाऊ आहेत. मात्र त्यांचे जग खेड्याचे आहे. 'आराधना'नंतर (१९६९) राजेश खन्ना यांच्या रूपाने आलेला नायक प्रसन्न, प्रेमळ आणि स्त्रीप्रेक्षकांना विशेष प्रिय होता. नागरी श्रमिकाचे शरीर व्यावसायिक चित्रपटाच्या केंद्रस्थानी तेव्हा अपवादानेच होते.

बच्चन यांचा चित्रपटसृष्टीतील प्रवेश ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'सात हिंदुस्तानी' (१९६९) या गोवामुक्तीच्या लढ्यावरील चित्रपटातून झाला. तेथे ते सात जणांच्या समूहातील एक होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. 'आनंद'मधील (१९७१) डॉ. भास्कर बॅनर्जी या भूमिकेत धुमसते मौन प्रथम स्पष्ट दिसले. रोग बरा करू न शकणाऱ्या, गरिबीपुढे आपली विद्या निरुपयोगी ठरते हे जाणणाऱ्या डॉक्टरचे ते मौन होते. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या आणि प्रकाश मेहरा यांनी दिग्दर्शित केलेल्या 'जंजीर'ने या मौनाला कारण आणि दिशा दिली. दिवाळीच्या रात्री आईवडिलांचा खून पाहिलेला मुलगा पोलीस अधिकारी होतो. पांढऱ्या घोड्याचे दुःस्वप्न त्याला झोपू देत नाही. चौकीत आलेल्या शेरखानची खुर्ची तो लाथेने उडवतो, त्या प्रसंगात प्रेक्षकाला काहीतरी अपूर्व गवसले. गाणे न म्हणणारा, क्वचितच हसणारा नायक येथे अवतरला होता.

रिचर्ड डायर यांनी 'स्टार्स' (१९७९) या ग्रंथात मांडले की, नटाची लोकविलक्षण मोहिनी ही त्याच्या अंगभूत गुणांतून जितकी येते तितकीच त्या काळातील समाजाच्या अस्थैर्यातून येते. विशिष्ट काळातील विसंगती तो स्वतःच्या देहात एकत्र धरून ठेवतो. या दृष्टीने १९७२ ते १९७५ हा काळ पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. महागाईविरुद्ध मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ मध्ये गुजरातचे नवनिर्माण आंदोलन, बिहारचे आंदोलन आणि मे महिन्यातील रेल्वे संप झाला. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. 'दीवार' त्याच वर्षी जानेवारीत प्रदर्शित झाला होता. म्हणजे ज्या संतापाला पडद्यावर 'विजय' हे नाव मिळाले, तो संताप रस्त्यावर आधीच होता, तो सामूहिक होता आणि त्यात स्त्रिया अग्रभागी होत्या. पडद्यावर येताना त्याचे काय झाले, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

३

'दीवार'चा आरंभ एका संपापासून होतो. आनंद वर्मा हा कामगारांचा पुढारी आहे. मालक त्याच्या पत्नीला व मुलांना ओलीस ठेवून त्याच्याकडून अपमानकारक करारावर सही घेतात. कामगार त्याला गद्दार ठरवतात, तो परागंदा होतो आणि बाप चोर असल्याची अक्षरे त्याच्या थोरल्या मुलाच्या हातावर गोंदली जातात. चित्रपटाची सारी अर्थरचना या गोंदणात साठवलेली आहे. मालक आणि कामगार यांच्यातील संघर्षाची परिणती म्हणून जी जखम निर्माण होते, ती गोंदली जाताना बाप आणि मुलगा यांच्यातील जखम होते. शिवाय ती गोंदणारे हात मालकाचे नाहीत, कामगारांच्या बाजूचे आहेत. त्यामुळे मुलाच्या मनात समूहाविषयी कायमचा अविश्वास रुजतो आणि ज्या भांडवली दंडेलीमुळे हे घडले तिचा चेहरा कथानकातून पुसट होत जातो.

हा मुलगा मुंबईत येतो. बूटपॉलिश करताना फेकलेले नाणे तो उचलत नाही. पैसे हातात द्यावेत असा त्याचा आग्रह आहे. तो देवळाच्या पायऱ्या चढत नाही. हे दोन्ही नकार दलित समीक्षेतील 'नकार' या संकल्पनेच्या जवळ जाणारे आहेत : एक नकार श्रमाच्या अवमूल्यनाला आहे, दुसरा न्याय न देणाऱ्या देवत्वाला. या बालकाच्या ताठ मानेत लाखो स्थलांतरितांनी स्वतःला पाहिले आणि ते पाहणे भ्रामक नव्हते. लोकप्रिय चित्रपटाविषयी तुच्छता बाळगणाऱ्या समीक्षेने या अनुभवाचे मोल कधी ओळखले नाही.

पुढचा प्रसंग गोदीचा आहे. हप्ता देण्यास नकार देणारा एक तरुण हमाल मारला जातो आणि विजय हप्ता बंद करतो. पीटरच्या गुदामात तो एकटा जाऊन बसतो, दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली प्रतिपक्षाकडे फेकतो. या प्रसंगाची मांडणी नीट पाहावी. ज्यांच्यासाठी हा झगडा आहे ते हमाल बंद दाराबाहेर आहेत. त्यांच्या मुक्तीची कृती त्यांच्याशिवाय, त्यांच्या नावाने आणि त्यांच्या डोळ्यांआड पार पडते. ती पाहण्याचा अधिकार फक्त चित्रपटगृहातील प्रेक्षकाला आहे. म्हणजे श्रमिक प्रेक्षकाला येथे आपल्याच लढ्याचा साक्षीदार म्हणून बसवले जाते, सहभागी म्हणून नव्हे.

या मांडणीमागे एक मोठे मौन आहे. मुंबईच्या गोदीत कामगार संघटनांची परंपरा जुनी आणि बळकट होती. पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखाली गोदी कामगार संघटित झाले होते, गोदीतील रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ पासून अस्तित्वात होता आणि 'दीवार'च्या आदल्याच वर्षी रेल्वे संपाचे नेतृत्व करणारे जॉर्ज फर्नांडिस हे मुंबईत डिमेलोंच्याच तालमीत तयार झाले होते. चित्रपटातील गोदीत मात्र संघटनेचा मागमूस नाही. तेथे हप्ता घेणारे गुंड आहेत, घाबरलेले हमाल आहेत आणि एक असामान्य पुरुष आहे. संघटना या कथेत फक्त बापाच्या वाट्याला आली आणि ती त्याच्या नाशाचे निमित्त ठरली. मुलाने त्यातून घेतलेला धडा असा की, माणसाने एकटे असावे. गोदीतून बाहेर पडून विजय तस्करीच्या जगात शिरतो, श्रीमंत होतो, आईने जिच्या बांधकामावर विटा वाहिल्या ती इमारत विकत घेतो. हमाल कथेच्या केंद्रात पुन्हा परतत नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. बाप हे राज्यसंस्थेचे रूपक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या शासनाने दिलेली वचने पाळली नाहीत, म्हणून पुत्राचा बापावरील रोष हा नागरिकाचा शासनावरील रोष होय, असे या चित्रपटांचे वाचन करता येते. हे वाचन बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. 'शक्ती'मध्ये (१९८२) बाप प्रत्यक्ष पोलीस अधिकारीच आहे. ओलीस धरलेल्या मुलासाठीसुद्धा कायदा वाकवणार नाही, हे त्याचे दूरध्वनीवरील शब्द मुलाच्या कानी पडतात. तथापि रूपक मान्य केले तरी त्याचे व्याकरण बदलत नाही. बापाच्या रूपात पाहिलेल्या राज्यसंस्थेकडे पुत्राची मागणी काय आहे? 'मला आपला म्हण' एवढीच. 'त्रिशूल'मध्ये (१९७८) विजय बापाचे साम्राज्य उद्ध्वस्त करतो, पण त्यासाठी तो बापाचाच धंदा, बापाच्याच डावपेचांनी करतो. शेवटी बाप त्याच्यासाठी गोळी झेलतो तेव्हा त्याची मागणी पुरी होते. 'शक्ती'त तो बापाच्या गोळीने, बापाजवळच मरतो. 'दीवार'मध्ये आयुष्यभर नाकारलेल्या देवळात, आईच्या मांडीवर त्याचा अंत होतो. तीनही ठिकाणी नाते पुन्हा मान्य होते आणि व्यवस्था होती तशीच राहते. ही रुसव्याची रचना आहे. नकार देऊळ सोडून निघाला होता. रुसव्याने त्याला पुन्हा देवळात आणून सोडले.

४

या नायकाने पौरुषाच्या कल्पनेत जे बदलले त्याची नोंद न्यायबुद्धीने व्हायला हवी. आर. डब्ल्यू. कॉनेल यांनी 'मॅस्क्युलिनिटीज' (१९९५) या ग्रंथात पौरुष हे एकवचनी नसते, एका समाजात अनेक पौरुषे असतात आणि त्यांतील एकाला धुरीणत्व लाभते, असे प्रतिपादन केले. सत्तरच्या दशकापर्यंत हिंदी चित्रपटात धुरीणत्व लाभलेले पौरुष मुख्यतः सुसंस्कृत, उच्चवर्णीय, सुस्थित वा सुस्थित होऊ पाहणाऱ्या तरुणाचे होते. गोदीतील निळा सदरा, त्याला कमरेशी मारलेली गाठ, खांद्यावरचा दोर आणि दंडावरचा बिल्ला यांनी श्रमिकाच्या वेषाला देखणेपण दिले. तो बिल्ला ७८६ क्रमांकाचा आहे. मंदिरात न जाणारा हिंदू नायक मुसलमान सहकाऱ्याच्या श्रद्धेचे चिन्ह छातीशी बाळगतो. श्रमिक वस्तीतील सहजीवनाची ही खूण आजच्या संदर्भात अधिकच लक्षणीय वाटते.

दुसरा बदल वेदनेचा. या पुरुषाला दुखते आणि त्याचे दुखणे पडद्यावर दिसते. तो आईच्या आजारपणात देवासमोर उभा राहून भांडतो, तेव्हा त्याचा आवाज फुटतो. पुरुषाने रडू नये या संस्काराला हा नायक तडा देतो. लॉरा मल्व्ही यांचा दृश्यसुखाविषयीचा प्रसिद्ध निबंध 'दीवार'च्याच वर्षी, १९७५ मध्ये प्रकाशित झाला. पुरुष हा पाहणारा आणि स्त्री ही पाहिली जाणारी, असे विभाजन त्यात मांडले आहे. 'विजय'च्या बाबतीत हे विभाजन पुरते लागू पडत नाही, कारण येथे पुरुषप्रेक्षक दुसऱ्या पुरुषाच्या जखमी देहाकडे पाहतो आणि त्यात आपली जखम ओळखतो.

परंतु या वेदनेला ऐकणारे कोण, हा प्रश्न विचारला की नव्या पौरुषाची मर्यादा दिसू लागते. विजयची वेदना फक्त आई ऐकू शकते आणि आई ही न्यायाधीश आहे. तिचा निवाडा नेहमी कायद्याच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या बाजूने जातो. समवयस्क स्त्रीशी त्याचे नाते जुळू शकत नाही. 'जंजीर'मधील माला चाकू-सुऱ्यांना धार लावून पोट भरणारी, बेधडक तरुणी आहे. नायकाच्या घरात येताच तिची धार बोथट होते आणि तिची भूमिका त्याला सूडापासून रोखणे व शेवटी त्या वचनातून मोकळे करणे एवढीच उरते. 'दीवार'मधील अनिता ही विजयला त्याच्यासारखीच एकाकी म्हणून भेटते; दोघांत प्रथमच बरोबरीचे काही उमलते. ती गर्भवती होते, आपल्या मुलाच्या वाट्याला आपल्यासारखा कलंक येऊ नये म्हणून विजय लग्नाचा आणि शरण जाण्याचा विचार करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तिचा खून होतो. रुसव्याच्या रचनेला हा खून आवश्यक होता. विजय जर बाप झाला असता, तर त्याला पुत्र राहता आले नसते. स्वतः बाप होऊन कलंकाची साखळी तोडण्याची शक्यता कथेने एका स्त्रीच्या देहाबरोबर नाहीशी केली.

मौनाचेही तसेच. हे मौन सुरुवातीला अन्यायाविषयीच्या शब्दांच्या अपुरेपणातून आलेले होते. हळूहळू ते पुरुषी प्रतिष्ठेचे लक्षण झाले. दुःख बोलून दाखवायचे नाही, ते हातांनी व्यक्त करायचे, हा धडा प्रेक्षकातील तरुणांनी कथेतून घेतला की पवित्र्यातून, हे वेगळे करणे कठीण आहे. पण तो धडा घेतला गेला आणि ज्या घरांत तो घेतला गेला तेथील स्त्रियांनी त्याची किंमत मोजली, हे नाकारता येणार नाही.

५

पडद्यावरचे पात्र आणि सांस्कृतिक प्रतीक यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पात्राला कथा असते आणि कथेला शेवट असतो. प्रतीकाला शेवट सोसत नाही. 'विजय' बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांत मरतो. या मृत्यूत कथेची स्वतःची टीका दडलेली असते, की हा मार्ग कोठे पोचत नाही. भिंतीवरच्या चित्रात आणि केशकर्तनालयातल्या छायाचित्रात मात्र हा मृत्यू नसतो. तेथे फक्त उभे राहण्याची ढब असते. पात्र कथेतून सुटून प्रतीक होते तेव्हा पहिली गळती होते ती या आत्मटीकेची.

ही प्रक्रिया २६ जुलै १९८२ च्या अपघाताने पूर्णत्वाला नेली. बंगळुरू येथे 'कुली'च्या मारामारीचे चित्रीकरण करताना बच्चन यांच्या पोटाला गंभीर दुखापत झाली आणि मुंबईच्या रुग्णालयात ते मृत्यूशी झुंजत असताना देशभर प्रार्थना झाल्या. मनमोहन देसाई यांनी नंतर दोन गोष्टी केल्या : दुखापतीच्या नेमक्या क्षणी चित्र गोठवून पडद्यावर तशी सूचना दिली, आणि ज्या नायकाचा मूळ कथेत मृत्यू होणार होता त्याला जिवंत ठेवले. म्हणजे आतापर्यंत पात्राची असलेली जखम नटाची झाली आणि नटाच्या जगण्याने कथेचा शेवट बदलला. १९७३ पासून वेदनेभोवती रचलेल्या प्रतिमेला एका खऱ्या वेदनेने प्रमाणित केले. यानंतर तिची चिकित्सा हा अनेकांना कृतघ्नपणा वाटू लागला.

विशेष असे की, अपघाताच्या याच वर्षी मुंबईत खऱ्या श्रमिकांचा एक प्रचंड लढा चालू होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. ज्या गिरणगावाने पडद्यावरच्या विजयला डोक्यावर घेतले, त्याच्या पराभवाला चित्रपटातल्या विजयाची जोड मिळाली नाही. १९८४ मध्ये बच्चन काँग्रेसच्या उमेदवारीवर अलाहाबादेतून हेमवतीनंदन बहुगुणा यांचा पराभव करून लोकसभेत गेले आणि १९८७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. व्यवस्थेविरुद्धच्या संतापाचे प्रतीक सत्ताधारी बाकांवर बसले, हा विरोधाभास म्हणून तेव्हा बराच चर्चिला गेला. रुसव्याच्या तर्काने पाहिल्यास त्यात विसंगती नाही. रुसलेल्याला घरात बोलावणे आले की तो घरात जातो. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' व 'मोहब्बतें' आणि २००१ साली 'कभी खुशी कभी गम' यांतून जी दुसरी कारकीर्द उभी राहिली, तिच्यात बच्चन स्वतः पिता आहेत. करारी, परंपरेचे रक्षण करणारे, पुत्राला घराबाहेर काढणारे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या आसनावर पुत्र रुसला होता, त्या आसनावर तो बसला. आसन मोडले गेले नव्हते, म्हणूनच ते उपलब्ध होते.

६

या नायकप्रतिमेला सर्वांत मर्मग्राही उत्तर समीक्षेतून आले नाही, चित्रपटातूनच आले आणि त्याची मुळे मराठी साहित्यात आहेत. गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३) श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवर आधारित असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आणि त्यातील कविता दिलीप चित्रे यांची आहे. 'जंजीर'नंतर बरोबर दहा वर्षांनी आलेल्या या चित्रपटाचा नायकही मुंबईचा संतप्त पोलीस अधिकारीच आहे. तुलना अपरिहार्य होते.

अनंत वेलणकरला शिकायचे होते. पोलिसात असलेल्या बापाने त्याला बळजबरीने याच नोकरीत ढकलले. हा बाप आईला मारीत असे आणि मुलगा ते पाहत असे. 'जंजीर'च्या नायकाने लहानपणी पाहिलेली हिंसा बाहेरून घरात शिरली होती. वेलणकरने पाहिलेली हिंसा घराचीच होती. येथे बाप गमावलेला नाही. तो मुलाच्या हातात उतरला आहे. म्हणूनच वेलणकरचा संताप राजकारण्यांच्या वरदहस्ताखालच्या रामा शेट्टीपर्यंत पोचू शकत नाही तेव्हा तो कोठडीतल्या किरकोळ चोरावर कोसळतो आणि तो चोर मरतो. 'जंजीर'मध्ये पोलिसी मारहाण ही न्यायाची पूर्तता होती. 'अर्धसत्य'मध्ये ती दुबळ्याचा खून आहे.

दुसरा भेद ज्योत्स्नाचा. ती प्राध्यापिका आहे आणि ती वेलणकरच्या हिंसेला प्रश्न विचारते. ती त्याला रोखण्यासाठी वचन घेत नाही, मरत नाही आणि त्याची जखम बरी करण्याची जबाबदारीही पत्करत नाही. दूर होण्याचा अधिकार ती राखून ठेवते. चित्र्यांच्या कवितेच्या अनुषंगाने पौरुष आणि नपुंसकत्व यांचा जो तोल या चित्रपटात मांडला आहे, त्यातून संतापाच्या मुळाशी असलेली भीती उघडी पडते : सत्तेपुढे आपण निर्वीर्य ठरतो आहोत, ही पुरुषाची भीती. 'विजय'च्या प्रतिमेने ही भीती झाकली होती. वेलणकर अखेर शेट्टीचा गळा आवळतो आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. हा विजय नाही आणि रुसवाही नाही. व्यवस्था जशीच्या तशी उभी आहे, हे येथे नायकालाही ठाऊक आहे. १९७२ मध्ये 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांना संताप आणि विद्रोह यांतील अंतर परिचित होते, असे मानायला जागा आहे.

तरीही प्रतीक झाले ते 'विजय'चे, वेलणकरचे नाही. ओम पुरी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; पण वेलणकरसारखे उभे राहावे असे कोणाला वाटले नाही. जो संताप स्वतःची तपासणी करतो, त्याची ढब होऊ शकत नाही.

७

या वारशाची पुढची वाटचाल दोन टोकांवरून पाहता येते. १९८६ मध्ये एन. चंद्रा यांच्या 'अंकुश'ने मुंबईतील बेकार तरुणांची टोळी केंद्रस्थानी आणली. नाना पाटेकर यांच्या चेहऱ्याने मराठी निम्न-मध्यमवर्गीय वस्तीतील धग पडद्यावर आली. संपानंतरच्या शहरात एकट्या नायकाऐवजी गट आला, मात्र त्याच्या संतापाला कार्यक्रम नव्हता; सूड घेऊन तो संपला. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये विजय उघडपणे मराठी झाला : विजय दीनानाथ चव्हाण, मांडव्याच्या शिक्षकाचा मुलगा. येथेही बापाचा बळी बदनामीला भुललेल्या गावकऱ्यांच्या हातून जातो, येथेही समूह अविश्वसनीय ठरतो आणि येथेही आई पुत्राचा निवाडा करते. पंधरा वर्षांत रचना बदलली नव्हती. तिला फक्त पत्ता मिळाला होता.

दुसरे टोक अलीकडचे आहे. संदीप रेड्डी वंगा यांच्या 'अॅनिमल' (२०२३) या चित्रपटाचा नायक एका बड्या पोलाद-उद्योगपतीचा मुलगा आहे. त्याचे नाव रणविजय आहे. बापाने वेळ दिला नाही, ही त्याची जखम. या जखमेपोटी तो माणसे मारतो, पत्नीला धमकावतो आणि बापाची मान्यता मागत राहतो. 'दीवार'शी याची तुलना केली म्हणजे प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जे गळाले ते म्हणजे गोदी, बिल्ला, विटा वाहणारी आई, फेकलेले नाणे. वेदनेचा सारा सामाजिक आधार. जे उरले ते म्हणजे बापावरचा रुसवा आणि त्या रुसव्याला मिळालेला हिंसेचा परवाना. 'विजय'ची वेदना वर्गीय अनुभवातून आली होती, पण तिचे निवेदन कौटुंबिक होते. म्हणूनच पन्नास वर्षांनी तो कौटुंबिक सांगाडा उचलून मालकाच्या मुलाला चढवणे शक्य झाले. आनंद वर्माकडून सही घेणाऱ्याचा वारस आता स्वतःला जखमी म्हणवतो आणि चित्रपटगृह त्याला टाळ्या देते.

यावरून 'विजय'च्या प्रतिमेला आजच्या हिंसक नायकाची जन्मदात्री ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या काळात श्रमिकाच्या अपमानाला प्रतिष्ठित कलेत क्वचितच जागा होती, त्या काळात तिने त्या अपमानाला देह, आवाज आणि उंची दिली. वेदना आणि नकार या दोन पायऱ्या ती चढली, हे तिचे ऐतिहासिक कार्य. तिसरी पायरी चढण्यासाठी जे लागते ते तिच्या कथांनी वेळोवेळी दाराबाहेर ठेवले : बरोबरीने बोलणारी स्त्री, विश्वासार्ह समूह आणि स्वतः बाप होऊन वेगळे वागण्याची शक्यता. मराठी समीक्षेने 'विद्रोह' हा शब्द मोठ्या किमतीने कमावला आहे. संतापलेल्या प्रत्येक पुरुषाला तो बहाल करण्यापूर्वी त्याच्या संतापाचा वाटेकरी कोण, त्याची झळ कोणाला लागते आणि त्याची मागणी पुरी झाल्यावर कोणाच्या आयुष्यात काय बदलते, एवढे तिने तपासावे. गुदामाच्या बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या हमालांच्या बाजूने तो प्रसंग पुन्हा पाहिला, तर या तपासणीला आरंभ होऊ शकतो.